खारं सागवान

बाबा, तुम्ही खाडीकाठच्या खाजणात, खाऱ्या चिखलात पुरलेलं सागवान आम्ही वापरलं. होडीसाठी नाही. ते कशासाठी वापरलं आणि पुढे काय झालं हे तुम्हाला सांगायला हवं, कारण लाकूड तुमचं होतं आणि हे सांगण्यासारखं दुसरं माणूस मला उरलेलं नाही. दादाला तर हे सांगताच येत नाही. का, ते पुढे येईलच. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि तुमच्याजवळ होतो तोवर मला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे आपल्यात कागदाचा संबंध कधी आला नाही. मी लिहायला शिकलो तो मुंबईत, वखारीतल्या ओंडक्यांवर खडूनं नावं घालता घालता. अजूनही अक्षर ओंडक्यावर शोभेल एवढं मोठं येतं, तेवढं सांभाळून घ्या.

तुमची जागा मला अजून तशीच्या तशी दिसते. खाडीच्या काठाला उंडीचं झाड, त्याखाली पालथी घातलेली होडी, आणि तुम्ही उकिडवे बसून वाकसानं लाकूड तासताय. दादा करवतीच्या एका टोकाला. मी कुठल्याच टोकाला नाही, कारण माझ्या हातात कधी सरळ रेघ आली नाही. तुम्ही मला फळ्यांजवळ बसवायचात आणि म्हणायचात, ठोक आणि सांग. मी बोटाच्या पेरानं ठोकायचो, कान लावायचो आणि सांगायचो: ही भरीव, ही टोकाला पोकळ, हिच्या पोटात कीड चालते आहे. सुरुवातीला तुम्ही फळी फोडून खात्री करायचात. नंतर फोडायचं थांबवलंत. होडीचा मालक घासाघीस करायला लागला की तुम्ही नुसतं माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचात, ‘त्याला इचारा, त्याचे कान दोन मानसांचे हायेत.’ मालक हसायचे. तुम्ही हसत नव्हतात.

आणि जिभेची परीक्षा. खाजणाच्या चिखलात दोन-तीन वर्षं पुरून ठेवलेला सागवान बाहेर काढला की तुम्ही त्याचा एक तुकडा मधोमध चिरायचात आणि आतल्या बाजूला जीभ लावायचात. खारट लागला तर खाडीचं पाणी गाभ्यापर्यंत मुरलं, आता त्याला कीड शिवणार नाही. मग तोच तुकडा दादाच्या जिभेला, मग माझ्या. आईला ते बघवत नसे. ती म्हणायची, पोरांना जेवण देता की लाकूड? पण आम्हाला ती चव आवडायची. खारं म्हणजे उत्तम, हे आम्हाला अक्षरओळखीच्या आधी कळलं.

तुमचा मार मी एकदाच खाल्ला, तोही याच कानांपायी. मोठ्या मचव्याचं काम होतं, मालक डोक्यावर बसला होता, भरती साधून त्याला जायचं होतं. शेवटची फळी मी ठोकली, आणि मला तिच्यात एका जागी काहीतरी बसकं ऐकू आलं. सगळे खोळंबले होते, दादानं खिळे तोंडात धरले होते. मी म्हटलं, ठीक आहे. पुढच्याच महिन्यात मचवा पाणी घ्यायला लागला आणि तीच फळी निघाली. कुणी बुडलं नाही, पण माल भिजला. तुम्ही मला उंडीखाली उभं केलंत. मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, तुला कळलं कसं नाही. तुम्ही वेगळंच विचारलंत. ‘ऐकू आलं व्हतं ना तुला?’ मी मान हलवली. ‘मंग बोललास का न्हाय?’ आणि मग दिलीत. ती थप्पड मी विसरलोय. तो प्रश्न अजून तसाच उभा आहे.

मग मी मुंबईला निघालो. दादाला तुमचा रंधा मिळणार हे ठरलेलंच होतं, आणि तसंच हवं होतं. मला तुम्ही ठोकायला चिंचेच्या लाकडाची एक छोटी मोगरी करून दिलीत, मुठीत मावेल एवढी, आणि म्हणालात, बोटाची पेरं झिजवू नकोस. आगबोटीवर चढेपर्यंत ती माझ्या कमरेला खोचलेली होती. त्या मोगरीनं माझं घर उभं केलं, बाबा. मुंबईच्या लाकडी बंदरावर ओंडके निवडायला मी शेठ लोकांबरोबर फिरायचो. ठोकायचो आणि सांगायचो. गुजराती व्यापारी आपसात कुजबुजायचे, ‘अंदरथी पोलुं छे’, आतून पोकळ आहे, आणि तोंडावर मात्र गिऱ्हाइकाला म्हणायचे, एक नंबर माल. गुजराती मी असा थप्पीमागे उभा राहून शिकलो. कुणाचा आवाज भाव सांगताना अर्धा सूर चढतो, कुणाचा उतरतो, हे ऐकत ऐकत मी हमालाचा मुकादम झालो, मुकादमाचा ठेकेदार झालो, आणि शेवटी माझी स्वतःची वखार झाली. तुम्ही गेलात तेव्हा मी मालाबरोबर मलबारात होतो. आलो तेव्हा दादानं सगळं उरकलं होतं. त्याबद्दल तो मला एका शब्दानं बोलला नाही.

हे सगळं कशासाठी सांगतोय, तर मोटारीपर्यंत यायचं आहे. तुम्ही मोटार एकदाच पाहिलीत, अलिबागेत, आणि तिच्या चाकांचे लाकडी आरे बघून म्हणालात की सुतार बरा होता पण घाईत होता. तसली एक मोटार मी वखार मुलाच्या हाती देऊन गावी परतलो तेव्हा घेऊन आलो. दोन पडाव एकमेकांना बांधून, वर फळ्या टाकून ती खाडीपार आणली. अर्धा गाव काठावर. दादा म्हणाला, ‘ह्ये बुडलं तर वर कोन काढनार, तू का मी?’ तिच्यासाठी घराच्या मागे, तुमच्या जुन्या लाकडाच्या थप्पीच्या जागी, जांभ्याच्या भिंतींचा आणि मंगलोरी कौलांचा मोटारखाना बांधला. रस्ता एका बाजूला चार मैल, दुसऱ्या बाजूला दोन मैल, पुढे वाळू. तेवढ्यात मी तिच्यातून फिरायचो आणि लोक मला हात करायचे. चार-पाच वर्षांत खाऱ्या हवेनं तिचा पत्रा पापडासारखा झाला. दाराला हात लावला की बोटाला भुगा. शेवटी एकानं इंजिनासाठी ती नेली. खारेपणाचा धडा मला तिथेच मिळाला होता. मी तो लोखंडापुरता धरला.

त्याच सुमाराला दादाचे डोळे बिघडत चालले होते. आधी तो म्हणायचा, मळभ आलंय. मी वर बघायचो तर आकाश स्वच्छ. मग त्याच्या रेघा हुकायला लागल्या. तुमच्या हाताखाली घडलेला माणूस, आणि पाटाचा एक पाय आखूड. दादानं स्वतःच तो पाट चुलीत घातला. मी त्याला मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. एक डोळा गेलेलाच आहे, दुसऱ्याचं जे गेलं ते परत येणार नाही, उरलेलं किती दिवस ते सांगता येत नाही. जिन्यावरून उतरताना दादानं माझा खांदा धरला आणि म्हणाला, ‘डागदरला काय कळतंय. आपल्या पडवीत उजेडच न्हाय रे. चांगला उजेड असला की मला दिसतंय.’ मी आयुष्यभर माणसांचे आवाज तोलून पैसा केला. त्या जिन्यावर मी आवाज तोलला नाही. मला ते खरं हवं होतं.

उजेड म्हणजे काय, तो तर विकत मिळतो. रिकामा मोटारखाना होताच. मी ठरवलं, दादाला असा कारखाना करून द्यायचा की जिल्ह्यात दुसरा नाही. मोटारीखाली उतरायचा खड्डा होता तो भरून घेतला. जमिनीवरचे तेलाचे डाग लाकडाचा भुसा आणि चुना टाकून तीन वेळा घासले. उत्तरेच्या भिंतीला मोठी खिडकी पाडली, कौलांत चार काचेची कौलं बसवली. मोठ्या दाराच्या दोन झडपांपैकी एक कायमचं बंद केलं, नाहीतर वारा भुसा उडवतो. मधोमध दादाच्या उंचीचा, जाड फळ्यांचा कामाचा ओटा. भिंतीलगत लाकूड कातायचं लोखंडी यंत्र, पायानं चालवायचं. बाहेर पडवीत तेलाचं इंजिन, त्याच्या पट्ट्यावर डायनॅमो, आणि आत दहा दिवे. हे दहा दिवे मुंबईच्या बोलपटाच्या थेटराला शोभतील असे, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

वायरमन मी मुंबईहून आणला, गिरगावातला, चाळिशीचा, पान खाणारा, हलक्या आवाजात बोलणारा माणूस. वायर भिंतीवरून नेतात ती लाकडी पट्टीतून. खालच्या पट्टीला दोन खाचा, एकीत जाणारी वायर, दुसरीत येणारी, आणि वर झाकणपट्टी. त्यानं बरोबर तयार पट्ट्यांचे जुडगे आणले होते, वार्निश मारलेले. मी त्यातली एक हातात घेतली, मोगरीनं ठोकली आणि हसलो. हलकं देवदार. सुताराच्या घरात, सुताराच्या कारखान्यात, विकतच्या पट्ट्या? दादानंही ती चाचपली आणि बाजूला ठेवली. मग तो म्हणाला, ‘बाबांचं लाकूड हाय की.’

तुम्ही शेवटची होडी बांधायची म्हणून पुरून ठेवलेलं ते सागवान दादानं इतकी वर्षं सांभाळलं होतं. तीन उन्हाळ्यांपूर्वी त्यानं ते चिखलातून काढलं, गोड्या पाण्यानं वरवर धुतलं आणि पडवीत फळ्या करून वाळवलं. होडी बांधण्याइतका तो आता पाहू शकत नव्हता, हे आम्ही दोघं जाणून होतो आणि बोलत नव्हतो. पट्ट्या मात्र तो करू शकत होता. खाच पाडायला खाचेचा रंधा असतो, तो स्वतःच सरळ जातो. एक फळी चिरल्यावर दादानं तिचा तुकडा तोडला, जीभ लावली आणि माझ्याकडे केला. बाबा, पन्नाशीच्या पुढचे आम्ही दोघं, आणि मी तुमच्यासमोर उभा राहायचो तसाच उभा राहून जीभ पुढे केली. खारट. गाभ्यापर्यंत. दादाचा चेहरा असा उजळला की मला बाकी काही दिसलंच नाही.

वायरमनला ते विचित्र वाटलं असावं. तो म्हणाला, ‘शेठ, लाकूड सुकं पाहिजे, एवढंच आपलं म्हणणं.’ दादा म्हणाला, तीन उन्हाळे वाळलंय, आणि त्यानं ती फळी ठोकून दाखवली. मी ऐकली. खणखणीत होती. चैत्राच्या त्या कोरड्या दुपारी ती खरोखर सुकीच होती. वायरमननं ते मान्य केलं. त्याला विजेचं कळत होतं, खाजणाचं नाही. आम्हाला खाजणाचं कळत होतं.

दुसरा वाद उंचीवरून झाला. वायरमन म्हणे, वायर वरून, वाशांखालून न्यायची. ‘हात पोचतो तिथं वीज ठेवू नये, शेठ.’ दादा म्हणाला, कमरेच्या उंचीवर ने, दारापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून यंत्रापर्यंत, सलग. मी विचारलं का. तो म्हणाला, काम लोकांना दिसायला नको का? मला ते पटलं. झाकणपट्टीच्या कडेला त्यानं होडीच्या कठड्याला काढतात तशी बारीक गोलाई काढली होती, आणि लोखंडी खिळ्यांऐवजी पितळी स्क्रू मारले होते. असलं काम वर वाशांखाली कोण बघणार? वायरमन म्हणाला, तुमचं घर, तुमची वीज. आणि दादाच्या मनासारखं करून गेला.

दिवे लागले त्या दिवशी मी दादाला ओट्याशी उभा केला आणि बाहेर जाऊन इंजिन फिरवलं. आत आलो तर दहाच्या दहा जळत होते, भुशाचा कण न् कण दिसत होता. मी विचारलं, दिसतंय का? तो म्हणाला, ‘व्हय. लय.’ त्यानंतर वैशाख, ज्येष्ठ, आषाढ तो रोज तिथे काम करायचा. ढग असोत नसोत, सकाळी गेला की मी इंजिन लावून द्यायचो. पोळपाट, लाटणी, पाळण्याचे दांडे, कोळ्यांची वल्ही. रेघा सरळ आल्या. लोक येऊन पट्टीवरून हात फिरवून जायचे. मी दारात खुर्ची टाकून बसायचो आणि ऐकायचो. इंजिनाचा आवाज मोठा, पण माझे कान तुम्हाला माहीत आहेत. रंध्याचा एक लांब हात मारला की दादा थांबायचा, आणि मला एक अगदी बारीक आवाज यायचा, कागदावर कागद घासल्यासारखा. मग पुन्हा रंधा. पुन्हा तो आवाज. मी मनाशी म्हटलं, लाकडाला कुरवाळतोय.

मग श्रावण आला. सरी येत-जात होत्या, आणि मधल्या वेळात हवा अशी ओली की धुतलेलं धोतर दोन दिवस वाळत नव्हतं. त्या दुपारी मी घरात जेवून हात धूत होतो. पडवीतून इंजिनाचा ठोका येत होता, आणि त्याच्या मागे मला काहीतरी चुरचुरताना ऐकू आलं, तापल्या तव्यावर ओला हात झटकल्यासारखं. फोडणी असावी असं वाटून मी चुलीकडे बघितलं. चुलीवर काही नव्हतं. तेवढ्यात इंजिनाचा ठोका जड झाला, आणि काहीतरी पडलं. मी पावसातून धावलो, आधी पडवीत जाऊन इंजिन बंद केलं, मग आत शिरलो. वर काळे ढग, काचेच्या कौलांवर शेवाळ, सर आली म्हणून खिडकी ओढून घेतलेली. बाहेरून आलेल्या मला आत काही म्हणता काही दिसेना. जळक्या लाकडाचा वास येत होता. मी दादा दादा करत चाचपडायला लागलो.

‘पायाखाली पटाशी हाय,’ तो खालून म्हणाला. ‘डावीकडनं ये. ओट्याला धरून.’

आवाज शांत होता, दुखत होतं पण शांत होता. मी डावीकडून गेलो. ओट्याची कड जिथे म्हणाला तिथेच होती, पटाशी जिथे म्हणाला तिथेच. तो यंत्राशी पडला होता, उजवा खांदा निखळलेला, डाव्या हाताची दोन बोटं टोकाला भाजलेली. एक हात पट्टीवरून सरकवत तो यंत्रापर्यंत आला होता आणि दुसऱ्या हातानं त्यानं यंत्राचं लोखंड धरलं, आणि वीज त्याच्यातून गेली. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की काळोखात मी आंधळा होतो आणि तो नव्हता. कारण त्याच्या लेखी तिथे काही बदललंच नव्हतं. पट्टी त्यानं कमरेच्या उंचीवर का मागितली होती, ते मला तिथे, त्याला उचलताना कळलं. बाबा, दहा दिवे मी एका अशा माणसासाठी लावले होते ज्याला त्यातला एकही दिसत नव्हता, आणि तो माझं मन राखायला तीन महिने म्हणत होता, व्हय, लय.

वैद्यानं खांदा बसवला. बोटांवर खोबरेल लावून पट्टी बांधली. वायरमनला मी तारेनं बोलावून घेतलं. त्यानं इंजिनाला हात न लावता एक झाकणपट्टी उघडली, आणि आम्ही दोघं बघत राहिलो. खाचांमध्ये घामासारखं पाणी जमलं होतं. वायरचं वरचं सूत ओलं, सांध्यांवरचं तांबं हिरवंगार, आणि दोन खाचांमधलं लाकूड एका जागी कोळसा झालेलं. त्यानं त्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. बरोबर दादानं आणि मी केलं तसंच. मग म्हणाला, ‘शेठ, हे लाकूड नाही. हे मिठागर आहे.’

माझी बायको दारात उभी होती. ती म्हणाली, ‘पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते म्हणून मी ती चुलीशेजारी ठेवते, ते रोज बघता. मला विचारायचंत.’ तिचं बरोबर होतं. आईसुद्धा ठेवायची. तुम्ही त्याच चुलीपुढे बसून जेवायचात. मीठ हवेतलं पाणी ओढतं, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि लाकडात मीठ आहे हेही. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवायचं कुणाला सुचलं नाही. ज्या खारटपणासाठी आम्ही जीभ लावली, त्यानंच घात केला. होडी केली असती तर ती शंभर वर्षं टिकली असती.

आतून दादाची हाक आली. काय निघालं, म्हणून. मी आणि वायरमन दोघं त्याच्या खाटेशी गेलो. भिंतीकडे तोंड करून झोपला होता, तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर एक भीती होती, आणि ती बोटांची नव्हती. मी म्हटलं, ‘वायर हलकी निघाली, दादा. वरचं रबर कुजकं होतं.’ बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ज्या माणसाचं काम मी वाईट ठरवलं तो माझ्या शेजारी उभा आहे. वायरमननं माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे.

‘होय दादा,’ तो म्हणाला. ‘वायर फसली. माझी चूक झाली.’

दादानं श्वास सोडला. ‘मी म्हनलंच व्हतं,’ तो म्हणाला, ‘बाबांच्या लाकडात खोट निघायची न्हाय.’ वायरमनला बंदरावर सोडायला मी गेलो तेव्हा त्याचे हात धरले. तो म्हणाला, राहू द्या शेठ, माझा पण बाप होता.

जाण्याआधी त्यानं वायर सगळी ओढून काढली होती; दादाला मी सांगितलं, नवी घातली. पट्ट्या मात्र तशाच भिंतीवर आहेत, आतून रिकाम्या, जळलेल्या जागी मी एक तुकडा बसवून घेतला. त्या काढल्या तर दादा ओट्यापर्यंत कसा जाणार? दिवाळीनंतर तो पुन्हा जायला लागला. मी नको म्हणून पाहिलं, वैद्यानं म्हणून पाहिलं. तो म्हणाला, मंग काय करू, दारात बसून येनाऱ्या-जानाऱ्याला नाव इचारू? डाव्या हाताच्या त्या दोन बोटांच्या टोकांना आता काही कळत नाही. आधी तो बोटांनी बघायचा, आता तळव्यानं बघतो, आणि तळव्याला बारकं दिसत नाही. लाटणी करतो, ती थोडी वाकडी असतात. मी ती बाजारात धाडतो म्हणून सांगतो आणि माळ्यावर ठेवतो. माळा भरत आला आहे. या गावात माझा शब्द कुणी मोडत नाही, मुंबईत माझ्या एका पत्रावर माल जहाजात चढतो, आणि माझ्या भावाच्या दोन बोटांना मी पुन्हा काही देऊ शकत नाही.

सकाळी तो पट्टीवरून हात सरकवत आत जातो आणि दारातून मला विचारतो, ‘नव्या वायरवर दिवे लावलेस?’ मी पडवीत जातो, डायनॅमोचा पट्टा काढून ठेवलेलाच असतो, नुसतं इंजिन फिरवतो. ठोका सुरू होतो. आत येऊन सांगतो, लावले. तो ओळखतो की नाही, मला माहीत नाही. मी सांगितलं तर तुमचं लाकूड खोटं ठरतं, आणि त्याच्याकडे आता त्याच्यापेक्षा खरं काही उरलेलं नाही. त्यानं सांगितलं तर मी खोटा ठरतो. तेव्हा दोघंही सांगत नाही, आणि तेल जळत राहतं.

हा कागद मी कुणाला वाचून दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत पोचवण्याची सोय नाही. झाकणपट्टीचा एक स्क्रू सैल आहे. तो काढून घडी करून खाचेत सरकवीन, वायर होती तिथे. पावसाळ्यात पाझरेल, शाई जाईल. चालेल. पण एवढं लिहिलं आहे तर तुमच्या उंडीखालच्या प्रश्नालाही उत्तर द्यायला हवं. कागदावर कागद घासल्यासारखा तो आवाज मला पहिल्या दिवशीच ऐकू आला होता, बाबा. दहा दिव्यांखाली उभा राहून माणूस लाकूड बोटांनी का शोधतो, हे न कळण्याइतके माझे कान कधीच वाईट नव्हते. मला कळलं होतं, आणि मी कुरवाळणं म्हटलं. आता तो आवाज जाड झालाय, तळव्याचा, जास्त वेळ चालणारा. आणि सकाळचं ते इंजिन मी दादासाठी लावत नाही. ते चालू असलं की मला तो तळवा थोडा कमी ऐकू येतो.